रश्शाची वाटी आणि अंतराळातली खिडकी

दुपारचा एक वाजून गेला होता. सहा नंबरच्या टेबलावरच्या आजींनी दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरली आणि सुनेला म्हणाल्या, "आगं, हे हाटेल हालतंय. मला खाली उतरीव." खाली उतरायला काही नव्हतंच. आम्ही तळमजल्यावरच होतो. भिंतीपलीकडे पार्किंग आणि पार्किंगपलीकडे उसाचं रान.

कोल्हापूरबाहेरच्या एका मनोरंजन पार्कात अंतराळ स्थानकासारखं रेस्टॉरंट उभं राहत होतं आणि त्याच्या खिडक्यांमधल्या दृश्यांचं प्रोजेक्शन माझ्याकडे होतं. गणेश मंडळांचे देखावे करता करता मी या कामात आले. एवढा मोठा हॉल पहिल्यांदाच हातात आला होता. मालकांनी पहिल्याच मीटिंगला फ्लोरिडातल्या एपकॉट या डिस्नेच्या पार्कमधल्या 'स्पेस २२०' या रेस्टॉरंटचे व्हिडिओ लावले होते. ते २०२१ च्या सप्टेंबरात सुरू झालं. नावातले २२० म्हणजे मैल, आपल्या हिशेबाने ३५४ किलोमीटर. तेवढ्या उंचीवर तरंगणाऱ्या स्थानकात आपण जेवायला बसलोय, अशी ती कल्पना. तिथली लिफ्ट वर जातच नाही. तिच्या जमिनीत आणि छतात पडदे आहेत. पायाखाली फ्लोरिडा लहान होत जातो, डोक्यावर स्थानक जवळ येतं आणि दार उघडेपर्यंत माणूस मनाने वर पोचलेला असतो.

तशी लिफ्ट आम्हीही केली. गोल खोली, पायाखाली जाड काच, काचेखाली एलईडी पडदा. आधी रंकाळा, मग पंचगंगेची वळणं, पन्हाळा, मग सह्याद्रीची कड आणि तिच्यापुढे कोकणचा किनारा. सगळा प्रवास चाळीस सेकंदांचा. ट्रायलच्या दिवशी पोरं काचेवर पालथी पडून आपलं घर शोधत होती. लिफ्टने कुणालाही त्रास दिला नाही. घोळ झाला तो आत, हॉलमध्ये.

हॉलला चौदा मीटर लांबीची एक सलग खिडकी होती. तिच्या दीड मीटर मागे करडा पडदा आणि त्यावर चार लेझर प्रोजेक्टर. त्या दीड मीटरसाठी मी दोन महिने भांडले होते, कारण तेवढ्या जागेत टेबलांची अख्खी एक रांग बसली असती. पण पडदा चौकटीला चिकटवला, की माणूस मान हलवतो तेव्हा चौकट आणि पृथ्वी एकत्रच सरकतात आणि डोळ्याला लगेच कळतं की हे पोस्टर आहे. मध्ये अंतर ठेवलं तर चौकट सरकते आणि पृथ्वी मागे राहते. खऱ्या खिडकीतून लांबचा डोंगर बघताना हेच होतं.

दुसरं भांडण पृथ्वीच्या आकाराचं. मालकांना खिडकीत निळा गोळा हवा होता, पूर्ण. आमचं स्थानक आम्ही ४०० किलोमीटरवर धरलं होतं. तिथून पूर्ण गोळा दिसत नाही. क्षितिजाची मोठी कमान दिसते, तीही नजरेच्या पातळीखाली सुमारे २० अंशांवर. हे मात्र मी त्यांना पटवू शकले.

सगळ्यात जास्त रात्री खाल्ल्या त्या काळ्या रंगाने. प्रोजेक्टरला काळं टाकता येत नाही, त्याला फक्त उजेड टाकता येतो. काळं दाखव म्हटलं तरी थोडा उजेड गळतोच. दोन प्रोजेक्टरची चित्रं जिथे एकमेकांवर चढतात तिथे हा गळका उजेड दुप्पट होतो आणि आकाशात करडा पट्टा उभा राहतो. तो लपवायचा म्हणजे बाकीचं आकाशही तितकंच करडं करायचं. चांदण्यांच्या वेळी हे फार जिवावर येतं. तीन रात्री एकेक पट्टा घासून, पहाटे खिडकीपुढे उभी राहिले तेव्हा मला स्वतःलाच सांधा सापडत नव्हता. त्या आनंदातच मी ट्रायलला आले होते.

ट्रायलला पाहुणे म्हणजे कामगारांची आणि किचनमधल्या लोकांची घरची माणसं. जेवायला तांबडा, पांढरा, सुकं मटण, भाकरी. अर्ध्या तासात चार जणांनी ताट अर्धवट सोडलं. एक पोरगी बाहेर जाऊन ओकली. कुणी म्हणालं एसीचा वास, कुणी म्हणालं रंगाचा वास. मला कारण कळलं होतं आणि माझे हातपाय गार पडले होते.

स्टेशनात शेजारची गाडी सुटते तेव्हा आपलीच सुटली असं वाटतं. नजरेचा मोठा भाग व्यापणारी मागची गोष्ट सरकली, की मेंदू आपणच सरकलो असं धरून चालतो. कानाच्या आत तोल सांभाळणारं अंग मात्र सांगत असतं की तू जागेवर बसून आहेस. दोघांचं पटलं नाही की पोटात ढवळायला लागतं. लिफ्टमध्ये चाळीस सेकंद हे हवंहवंसं वाटतं, कारण आपण वर निघालोय हे माणसाला ठाऊक असतं. जेवायला बसलेला माणूस कुठेही निघालेला नसतो. आणि आम्ही काय केलं होतं? 'जिवंतपणा' यावा म्हणून पृथ्वीला हलका झोका दिला होता, आणि गिऱ्हाइकाला दिवस-रात्र सगळं दिसावं म्हणून पृथ्वीची एक फेरी आठ मिनिटांत बसवली होती. झोक्याला मीच होकार दिला होता. कामाच्या कन्सोलपाशी उभं राहून तो मला सुंदर वाटला होता. बसून, जेवताना, मी तो एकदाही पाहिला नव्हता.

तेवढ्यात आबांनी हाक मारली. आबा म्हणजे आमच्या फॅब्रिकेटरचे वडील. ऐंशी पार केलेले. उभा जन्म नाटकांचे पडदे आणि मंडळांचे देखावे रंगवण्यात गेलेला.

"हिकडं ये पोरी. बस. ह्या वाटीकडं बघ."

मी त्यांच्या शेजारी बसले. स्टीलची वाटी, काठोकाठ तांबडा रस्सा, वर तेलाचा लाल तवंग आणि कडेला चिकटलेलं कोथिंबिरीचं एक पान. तवंग आरशासारखा स्थिर होता. त्या वाटीच्या कडेवरून मी खिडकीकडे पाहिलं. पृथ्वीची कमान हळूच एका अंगाला उतरली, थांबली, दुसऱ्या अंगाला उतरली.

"रस्सा हालंना, आन् पिरथमी हालतीया. मग माणसानं कुणाचं ऐकायचं?"

मला बोलता येईना. लाखो रुपयांची यंत्रं लावून मी जे मोजलं नव्हतं, ते टेबलावर ठेवलेल्या पाणसळीने दाखवलं होतं.

"आन् दुसरं. सूर्य कुठल्या अंगाला हाय तुजा?"

"डाव्या, आबा."

"वाटीची सावली?"

सावलीही डावीकडेच पडली होती. प्रत्येक टेबलावर उजव्या बाजूने दिवा टांगला होता, दिसायला छान म्हणून. सूर्याकडे तोंड करून पडलेली सावली! शंभर माणसं तासभर त्यात बसली होती. कुणाला ती दिसली नव्हती आणि तरी प्रत्येकाला खिडकी खोटी वाटत होती.

"पडदा रंगवायच्या आदी आमी इचारायचो, दिवा कुटनं येनार. मगच ब्रश भिजवायचा," आबा म्हणाले.

ही विद्या कोल्हापुरात जुनी आहे. इथले चित्रकार आनंदराव आणि बाबूराव पेंटर सिनेमाकडे वळण्याआधी नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. १९१६ मध्ये आनंदराव गेले. पुढे बाबूरावांनी सिनेमा काढायला घेतला तेव्हा त्यांनी रंगवलेल्या सपाट पडद्यांवर न थांबता घडीव सेट उभे केले, खरा उजेड-सावली पडेल असे. हे सगळं मी कॉलेजात वाचून पाठ केलं होतं. कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहात आबांनी तरुणपणी पडदे टांगले होते. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं, तो विषय निघाला की आबा गप्प होतात. त्या दुपारीही ते एवढंच म्हणाले, "काम कर जा."

संध्याकाळची दुसरी पंगत साडेसातची होती. आमच्याकडे चार तास होते. चित्र आधी बनवून ठेवलेलं नव्हतं, संगणक ते जागेवर रचत होता. त्यामुळे झोका शून्यावर आणायला मिनिटही लागलं नाही. फेरीची वेळ मी आठ मिनिटांवरून नव्वदवर नेली. खरं अंतराळ स्थानकही साधारण तेवढ्याच वेळात पृथ्वीभोवती फिरतं. मालक वैतागले. "एवढा वेळ बाहेर काही घडणारच नाही?" मी म्हटलं, "सर, निवांत जेवायला दीड तास लागतो. त्यात एक सूर्योदय आणि एक सूर्यास्त प्रत्येकाच्या वाट्याला येईल. आजची एक रात्र द्या." त्यांनी दिली, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

टेबलांवरचे दिवे अगदी मंद केले. खिडकीच्या पलीकडे, डाव्या टोकाला, पडद्याकडे पाठ करून दोन स्पॉट बसवले. आबांच्या मुलाने पत्रे कापून त्यांना झापा लावल्या, म्हणजे उजेडाचा एक थेंबही आकाशावर पडू नये. स्पॉटची तार प्रोजेक्शनच्याच घड्याळाला जोडली. वरून सूर्य उगवताना आधी हवेची निळी रेघ उजळते, मग क्षणभर केशरी होते, आणि काही सेकंदांत सूर्य पांढराशुभ्र होऊन वर येतो. स्पॉटही त्याच क्रमाने, त्याच सेकंदाला चढवले.

त्या आजी गेल्या नव्हत्या. मुलगा किचनमध्ये होता, त्याची शिफ्ट सुटेपर्यंत त्या बागेत बसून होत्या. मी स्वतः जाऊन त्यांना आत आणलं. "आता हालणार नाही, आजी. हाललं तर माझा हात धरा." त्या खिडकीकडे पाठ करून बसल्या. दहा मिनिटांनी खुर्ची खिडकीकडे अर्धी वळवली. भाकरी कुस्करली, रस्सा ओतला. खिडकीत काळोख होता, खाली कुठल्यातरी शहरांचे दिवे.

आठ वाजून पाच मिनिटांनी निळी रेघ उजळली. कुणी फारसं पाहिलं नाही. मग टेबलांवर केशरी उजेड आडवा पसरला, ताटांच्या कडा चमकल्या आणि सगळ्या वाट्यांच्या सावल्या एकदम उजवीकडे लांब झाल्या. हॉल गप्प झाला. पडद्यावरचा सूर्य काही डोळे दिपवणारा नव्हता, तेवढी ताकद कुठल्याच प्रोजेक्टरमध्ये नसते. पण आजींनी रश्शाने माखलेला हात तसाच कपाळाशी नेला, डोळ्यांवर आडोसा धरला आणि डोळे बारीक करून खिडकीबाहेर बघायला लागल्या.

मी आबांकडे पाहिलं. ते खिडकीकडे बघतच नव्हते. वाटीची सावली हळूहळू गडद होत होती, तिच्याकडे त्यांचं लक्ष होतं.