सिबिल मायनस वन

घरासाठी कर्ज मागायला गेलो, तर बँकेतल्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवली. "सर, तुमचा सिबिल मायनस वन येतोय." सिबिल म्हणजे कर्ज फेडण्याच्या नोंदीवरून मिळणारा स्कोअर. मला वाटलं, कुठेतरी हप्ता थकलाय. पण हप्त्याने मी कधी काही घेतलंच नव्हतं. बाइकसुद्धा जुनी, रोखीने घेतलेली. तिने समजावलं, मायनस वन म्हणजे वाईट नाही, तुमची नोंदच नाही. घरी तात्यांना, म्हणजे वडिलांना, सांगितलं तर ते खूश. "म्हंजी कुणाचं देणं नाही, असंच ना?" त्या बँकेने मात्र नाही म्हटलं.

तात्या पेठ तालुक्यातून नाशिकला आले, मार्केट यार्डात हमाली केली, आणि उमेदीची सगळी वर्षं पेठ रोडच्या भाड्याच्या खोल्यांत गेली. घर विकत घेणारा आमच्यात मी पहिलाच, त्यामुळे विचारायचं कुणाला हीच पंचाईत. म्हसरूळला तयार इमारतीत वन बीएचके बघितला, २२ लाख. पूर्णत्वाचा दाखला होता, म्हणून जीएसटी नव्हता. एजंट म्हणाला, "दादा, दोन लाख सदुसष्ट हजार सरकार देतं, टेन्शन कशाला घेता?" मी बसल्या जागी २२ मधून पावणेतीन वजा करून मोकळा.

तो आकडा जुना निघाला. पंतप्रधान आवास योजनेतली ती व्याज सबसिडी आमच्या उत्पन्न गटासाठी ३१ मार्च २०२२ ला संपली. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या नव्या योजनेत वार्षिक उत्पन्न ९ लाखांपर्यंत, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत चालतं. कर्जाच्या पहिल्या ८ लाखांवर १२ वर्षांसाठी ४ टक्के व्याज सबसिडी, सगळं मिळून जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. तेही एकरकमी नाही, पाच वर्षांत पाच हप्ते, थेट कर्जखात्यात.

म्हणजे ज्या दिवशी खिसा रिकामा होतो, त्या दिवशी यातला एक रुपयाही हाताशी नसतो. दुसऱ्या बँकेने अंबडच्या कंपनीतल्या पगाराच्या स्लिपा, फॉर्म सोळा, पीएफचं पासबुक असं सगळं बघून १८ लाख मंजूर केले. उरलेले चार लाख आमचे. शिवाय स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी, त्यासाठी बँक दमडी देत नाही. बायकोच्या शिवणकामाचं उत्पन्न बँकेच्या हिशोबात धरलं नाही, कारण ते रोखीचं. गंमत अशी, की चार लाखांतले दीड लाख तिच्याच भिशीतून आले. बाकी पोस्टातली आरडी आणि तिच्या बांगड्या.

स्टॅम्प ड्युटीवरून मात्र घरात दोन दिवस अबोला झाला. नाशिक शहरात ती ६ टक्के, पण घर फक्त बाईच्या नावावर असेल तर एक टक्का कमी. जोडीला माझं नाव आलं की सवलत गेली. २२ लाखांवर २२ हजार वाचत होते, आणि नोंदणी फीसुद्धा बरोबर २२ हजारच होती. सबसिडीसाठीही बायकोचं नाव घरावर हवंच होतं. म्हणून घर तिच्या एकटीच्या नावावर, कर्जात आम्ही दोघं. तात्या म्हणाले, "मग दारावर पाटी कुणाची?" दोघांची लावू म्हटल्यावर जेवले.

दुय्यम निबंधक कार्यालयात तिचा अंगठाच उमटेना. सुईने, कात्रीने, धुण्याभांड्याने रेषा झिजलेल्या. ऑपरेटर म्हणे, "ताई, पुसून परत ठेवा." तिने पदराला पुसून तीनदा ठेवला, मग कपाळावर घासून किंचित ओलसर केला, तेव्हा कुठे मशीन हिरवं झालं. मागे रांगेतला एक जण "अहो, लवकर" म्हणाला. ती वळली आणि म्हणाली, "एकदाच घेतोय घर, थांबा जरा."

सबसिडीच्या अर्जात घरातल्या सगळ्यांचं आधार आणि देशात कुठेही पक्कं घर नसल्याचं शपथपत्र द्यावं लागतं. मला गावाच्या घराची धास्ती होती. पण योजनेत कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि अविवाहित मुलं. तात्यांचं घर त्यात येत नाही. आणि तेही मातीचंच. तरी ग्रामपंचायतीतून त्या घराच्या नोंदीचा, नमुना आठचा उतारा आणून ठेवला.

अर्ज बँकेमार्फत गेलाय, पहिला हप्ता अजून यायचाय. तात्यांची हमालीतली थोडी शिल्लक आहे, ती कर्जात भरून टाक असं ते म्हणत होते. मी थांबवलं. सबसिडीचा प्रत्येक हप्ता सुटताना कर्ज चालू आणि अर्ध्याहून जास्त मुद्दल बाकी असावी लागते, असं बँकेने सांगितलंय. देणं लवकर फेडू नका, हे तात्यांना अजून पटलेलं नाही. रोज संध्याकाळी गॅलरीत बसून तेच विचारतात.