हार्विच ते स्टाव्होरन : सायकल, बोट आणि आगगाडीने केलेला पहिला परदेश दौरा

कोकण किनाऱ्याने सायकलवर गेलेल्यांना ठाऊक असते की वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे किंवा जयगड-तवसाळ या फेरीबोटींच्या वेळांवरच सगळा दिवस बेतावा लागतो. पुण्यात असताना लागलेली ही सवय लंडनला स्थायिक झाल्यावर उपयोगी पडली. गेल्या जूनमध्ये पत्नी आणि मी नेदरलँड्समध्ये सायकल दौरा केला, तेव्हा रोज किती किलोमीटर जायचे हे आम्ही शेवटी ठरवले. कोणती बोट, कोणती गाडी आणि त्यांत सायकल कधी चालते, हे आधी पक्के केले. पहिल्यांदा निघणाऱ्या प्रत्येकाला मी हाच क्रम सुचवेन.

भारतीय पासपोर्ट असेल तर त्याहीआधी व्हिसा. ब्रिटनमध्ये राहण्याचा परवाना असला तरी शेंगेन व्हिसा, म्हणजे नेदरलँड्ससह बऱ्याच युरोपीय देशांना चालणारा सामाईक व्हिसा, वेगळा काढावा लागतो. ज्या देशात सर्वाधिक मुक्काम असेल त्याच देशाकडे अर्ज करायचा असतो आणि किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा जोडावा लागतो. मुक्कामाचे पुरावेही द्यावे लागतात, म्हणून खोल्या अशाच निवडाव्यात की ज्यांचे आरक्षण विनाशुल्क रद्द करता येईल.

लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्थानकावरून मॅनिंगट्रीला गाडी बदलून हार्विच इंटरनॅशनलला उतरले की धक्का स्थानकाला लागूनच आहे. मात्र संध्याकाळच्या गर्दीत लंडनहून सुटणाऱ्या गाड्यांत घडी न होणाऱ्या सायकली घेत नाहीत, त्यामुळे आम्ही शुक्रवारी गर्दीची वेळ उलटल्यावर निघालो. हार्विचहून हुक ऑफ हॉलंड या डच बंदराला जाणाऱ्या रात्रीच्या बोटीत केबिन घेणे सक्तीचे असते आणि सायकलची नोंद तिकिटासोबतच करावी लागते. बोटीत सायकल मोटारींच्या मजल्यावर दोराने बांधून ठेवतात. प्रवासात तो मजला बंद असतो, म्हणून कपडे, औषधे आणि कागदपत्रे एका छोट्या पिशवीत आधीच वेगळी काढावीत. आपला एक रबरी पट्टाही जवळ असावा, कारण तिथले दोर कधी अपुरे पडतात आणि सायकली एकमेकींना घासतात.

सकाळी आठच्या सुमारास उतरल्यावर घड्याळ एक तास पुढे करावे आणि मोटारींच्या मागोमाग न जाता वाळूच्या टेकड्यांमधून जाणारा सायकलमार्ग धरावा. कैकडाउन, स्खेव्हेनिंगेन, कात्वाइक, नोर्डवाइक आणि झांडव्होर्ट अशा किनाऱ्यावरच्या गावांतून हार्लेमपर्यंतचे सुमारे 70 किलोमीटर आम्ही एका दिवसात केले. देश सपाट असला तरी या टेकड्यांवर छोटे छोटे चढ सतत येतात. त्या भागात वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहतो, म्हणून दक्षिणेकडून उत्तरेला सायकलने जावे आणि परतताना आगगाडी घ्यावी. वाऱ्याचा विचार न करता आखलेला मार्ग तिथे दमवतो, हे मी आग्रहाने सांगतो.

वाट शोधण्यासाठी क्रमांक दिलेले नाके आहेत, म्हणजे सायकलमार्ग जिथे एकमेकांना मिळतात त्या ठिकाणांना आकडे दिलेले असतात आणि पाट्या पाहत एका आकड्यावरून पुढच्या आकड्याकडे जायचे असते. ही पद्धत खाणअभियंता ह्यूगो बोलेन यांच्या कल्पनेतून 1995 मध्ये बेल्जियमच्या लिंबुर्ख प्रांतात सुरू झाली आणि पुढे नेदरलँड्सभर पसरली. रात्री दुसऱ्या दिवसाच्या नाक्यांचे आकडे कागदावर लिहून तो कागद हँडलबारला चिकटवला की दिवसभर मोबाइल बाहेर काढावा लागत नाही.

हार्लेमहून अल्कमारला जाताना व्हेल्सेनला नॉर्थ सी कालवा ओलांडावा लागतो. तिथली फेरीबोट सायकलस्वारांना मोफत आहे. अ‍ॅम्स्टरडॅमकडे निघालेले मोठे जहाज समोरून गेले तेव्हा आम्ही काठावर कितीतरी वेळ नुसते पाहत राहिलो. तिसऱ्या दिवशी मात्र वारा फिरला आणि समोरून येऊ लागला. होर्नला पोहोचेपर्यंत पत्नीचा गुडघा दुखू लागला होता. सोमवार होता आणि दुपारचे तीन वाजले होते. डच गाड्यांत कामाच्या दिवशी सकाळी 6.30 ते 9 आणि दुपारी 4 ते 6.30 या वेळांत सायकल नेता येत नाही. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र ही बंदी नसते. आम्ही लगेच सायकलचे वेगळे तिकीट काढून एंकहाउझेनची गाडी पकडली. मार्गाजवळ स्थानक आहे हे नकाशावर आधीच पाहिले होते, त्यामुळेच तो दिवस निभावला.

एंकहाउझेन ते स्टाव्होरन ही सुमारे दीड तासाची बोट या दौऱ्यातला माझा सर्वांत आवडता भाग होता. 1886 मध्ये ती अ‍ॅम्स्टरडॅम-लेवार्डेन या रेल्वे प्रवासाचा दुवा म्हणून सुरू झाली, तेव्हा तिथे झाउडरझे हा खाऱ्या पाण्याचा उपसागर होता. 1932 मध्ये आफस्लाउटडाइक हा बांध पूर्ण झाल्यावर त्याचे गोड्या पाण्याचे सरोवर झाले. आजही बोटीच्या दोन्ही टोकांना रेल्वे स्थानक जवळच आहे. बोट हंगामी असून फेऱ्या मोजक्याच आहेत, म्हणून दौऱ्याच्या तारखा तिच्या वेळापत्रकावरूनच ठरवाव्यात. स्टाव्होरनहून आम्ही हिंडेलोपेनमार्गे सायकलने स्नेकला गेलो आणि तिथे मुक्काम केला.

परतीला स्नेकहून लेवार्डेन आणि तिथून रॉटरडॅमच्या दिशेने गाडीने आलो. हुकला जाणारी मेट्रो रॉटरडॅम सेंट्रलवरून जात नाही, म्हणून स्खिडाम सेंट्रमला उतरावे, कारण तिथे रेल्वे आणि मेट्रो एकाच ठिकाणी आहेत. मेट्रोतही गर्दीच्या वेळी सायकल चालत नाही. आमची खरी चूक परतीच्या वाराची झाली. रात्रीच्या बोटीने हार्विचला पोहोचलो तो गुरुवार होता आणि सकाळच्या गर्दीत लंडनला पोहोचणाऱ्या गाड्यांतही सायकल घेत नाहीत हे मी पाहिले नव्हते. झोप अपुरी, अंगात थंडी, अशा अवस्थेत आम्हाला स्थानकावर दोन तासांहून अधिक काळ बसावे लागले. परतीची बोट शनिवारी किंवा रविवारी सकाळी पोहोचेल अशी घ्यावी.