जीपीची अपॉइंटमेंट मिळवताना: इंग्लंडमधला माझा अनुभव

भारतातून इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाची घराची आणि मुलांच्या शाळेची सोय लागली की लवकरच एक प्रश्न पुढे येतो, तो म्हणजे जीपीची, अर्थात इथल्या फॅमिली डॉक्टरची, वेळ मिळवायची कशी. मी बरीच वर्षे रेडिंगमध्ये राहते आणि एरवी माझी प्रकृती चांगली असल्यामुळे या प्रश्नाशी माझा फारसा संबंध आला नव्हता. पण २०२५ च्या सुरुवातीला मला या प्रक्रियेच्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यातून जावे लागले. त्यात जे समजले ते आपल्या लोकांच्या उपयोगी पडेल, या हेतूने हे सविस्तर लिहीत आहे.

मी मूळची साताऱ्याची. तिथे आमच्या डॉक्टरांकडे जायचे म्हणजे सकाळी कंपाउंडरकडे नंबर लावायचा, तासभर बाकावर बसायचे आणि आत जायचे, एवढेच असे. डॉक्टरांना वाटले तर ते रक्त तपासायला सांगत, आणि आपल्याला वाटले तर आपणही थेट लॅबमध्ये जाऊन रक्त देऊ शकत होतो किंवा परस्पर एखाद्या तज्ज्ञाला दाखवू शकत होतो. इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेत, म्हणजे एनएचएसमध्ये, आपत्कालीन विभागासारखे काही मोजके अपवाद सोडले तर जीपीच्या शिफारशीशिवाय ना रक्ताची तपासणी होते, ना तज्ज्ञाची भेट. त्यामुळे जीपीची वेळ मिळाली नाही की पुढचे सगळेच अडते.

माझी तक्रार वरवर पाहता साधी होती. स्टेशनपासून घरापर्यंतचा चढ, जो मी वर्षानुवर्षे बोलत बोलत चढत आले, तो चढताना मध्येच थांबावे लागू लागले. जिन्यावर धाप लागे, रात्री पाय चाळवत, आणि विंचरताना केस मूठभर हाती येत. ताप नाही, दुखणे नाही, अंथरुणाला खिळावे असे काहीच नाही. अशा दुखण्याला इथल्या व्यवस्थेत जागा मिळणे सर्वांत अवघड, हे मला तेव्हा कळले.

आमच्या जीपीच्या दवाखान्याचा फोन सकाळी आठला सुरू होतो. आठला मिनिटभर कमी असताना फोन लावला तर ‘दवाखाना बंद आहे, तातडीचे असल्यास १११ ला फोन करा’ असा ध्वनिमुद्रित संदेश ऐकू येऊन फोन तुटतो, आणि आठ वाजून मिनिटभराने लावला तर आपल्यापुढे वीस-पंचवीस माणसे असल्याचे सांगितले जाते. कामावर जाण्याच्या वेळी, कानाला फोन लावून, एका हाताने डबा भरत ती रांग सरकण्याची वाट पाहायची, आणि आपला क्रमांक आल्यावर रिसेप्शनिस्ट अत्यंत नम्रपणे सांगते की आजच्या सगळ्या वेळा संपल्या आहेत, उद्या सकाळी आठला पुन्हा फोन करा. दुसऱ्या दिवशी तेच. पुढच्या आठवड्यातली वेळ द्या म्हटले तर ती यादी अजून उघडलेली नाही, असे उत्तर मिळते. कामाच्या व्हिसावर कुटुंबासह येणारी आपली बहुतेक माणसे एनएचएससाठीच्या आरोग्य अधिभारापोटी प्रौढ माणसी वर्षाला १०३५ पौंड आणि मुलांचे ७७६ पौंड व्हिसाच्या सगळ्या वर्षांसाठी एकरकमी भरून येतात. त्यांना हे उत्तर ऐकल्यावर काय वाटत असेल, हे मी समजू शकते.

या अडचणीचा दोष मी त्या रिसेप्शनिस्टला देणार नाही आणि डॉक्टरांनाही देणार नाही. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ काम करणाऱ्या एका पूर्ण प्रशिक्षित जीपीमागे आज दोन हजारांहून अधिक नोंदणीकृत रुग्ण आहेत. ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या मते एका डॉक्टरने दिवसाला पंचवीसपेक्षा जास्त रुग्ण पाहणे सुरक्षित नाही, पण अनेक ठिकाणी ही मर्यादा रोज ओलांडली जाते. शिवाय १९४८ मध्ये एनएचएस सुरू झाली तेव्हापासून बहुतेक जीपी दवाखाने सरकारी नसून एनएचएसच्या करारावर काम करणाऱ्या स्वतंत्र व्यावसायिकांचे आहेत, त्यामुळे फोन कसा घ्यायचा, वेळा कधी उघडायच्या, कोणाला आधी पाहायचे, याच्या पद्धती दवाखान्यागणिक बदलतात. शेजारच्या भागातल्या मैत्रिणीला जे सहज मिळते ते आपल्याला का मिळत नाही, याचे उत्तर बरेचदा एवढेच असते.

मला दोन गोष्टींनी मार्ग सापडला. पहिली म्हणजे फार्मसी. इंग्लंडमध्ये चाळिशीच्या पुढच्या कोणालाही अनेक फार्मसींमध्ये रक्तदाब विनामूल्य तपासून मिळतो. घसा दुखणे, कान दुखणे, सायनसचा त्रास, नागीण, कीटकदंशातून झालेला जंतुसंसर्ग, स्त्रियांमधला साधा मूत्रमार्गाचा संसर्ग अशा सात तक्रारींवर जानेवारी २०२४ च्या अखेरीपासून फार्मासिस्ट स्वतःच, ठरलेल्या वयोगटांसाठी, गरज असल्यास औषधही देऊ शकतात. यांपैकी काही असेल तर जीपीच्या रांगेत उभे राहण्याचे कारणच नाही. माझी तक्रार त्या सातांत बसणारी नव्हती, परंतु रक्तदाब पाहताना फार्मासिस्टने माझी नाडी बसल्या जागी शंभराच्या पुढे असल्याचे पाहिले, माझ्या चेहऱ्याकडे जरा निरखून पाहिले, आणि हे आकडे एका चिठ्ठीवर लिहून देत याच आठवड्यात जीपीला दाखवा म्हणून बजावले.

दुसरी गोष्ट म्हणजे करारातला नियम. मे २०२३ मध्ये जीपींच्या करारात बदल झाला आणि त्यानुसार रुग्णाने पहिल्यांदा संपर्क साधला तेव्हाच त्याची गरज तपासून त्याला वेळ देणे किंवा योग्य अशा दुसऱ्या सेवेकडे पाठवणे दवाखान्यावर बंधनकारक झाले. ‘उद्या पुन्हा फोन करा’ एवढेच सांगून फोन ठेवणे त्यात बसत नाही. पुढच्या वेळी मी रिसेप्शनिस्टला शांतपणे म्हणाले, “आज वेळ नसेल तर हरकत नाही, पण माझी गरज आजच नोंदवून घ्या आणि मला कोणी, कधी संपर्क करणार ते सांगा.” आवाज चढवावा लागला नाही, वाद घालावा लागला नाही. तिने लगेच दवाखान्याच्या संकेतस्थळावरचा अर्ज भरायला सांगितला आणि तो डॉक्टर त्याच दिवशी वाचतील, असे आश्वासन दिले.

या अर्जाबद्दल थोडे थांबून लिहिते, कारण माझ्या मते सगळी प्रक्रिया त्याच्यावर उभी आहे. तक्रार काय आहे, किती दिवसांपासून आहे, वाढते आहे का, आतापर्यंत काय उपाय केले, तुम्हाला कशाची काळजी वाटते आणि आमच्याकडून काय मदत हवी, असे प्रश्न त्यात असतात. आपली मराठी माणसे इथे फार संकोचाने लिहितात. ‘थोडा थकवा आहे’, ‘जरा अशक्तपणा वाटतो’ अशी आपली भाषा असते, कारण दुखण्याचा बाऊ करू नये हे आपल्यावर लहानपणापासून बिंबवलेले असते. पण पलीकडे बसलेला डॉक्टर आपला चेहरा पाहत नाही, आपली चाल पाहत नाही, आणि शेकडो अर्जांतून कोणाला आज, कोणाला या आठवड्यात आणि कोणाला महिन्याभराने पाहायचे हे तो आपल्या चार ओळींवरून ठरवतो. त्या ओळींत दुखण्याचे वर्णन पुरेसे नसते. त्या दुखण्यामुळे कालपर्यंत होत असलेले कोणते काम आज होत नाही, हे लिहायला हवे.

मी लिहिले की दोन महिन्यांपूर्वी जो चढ न थांबता चढत होते तिथे आता दोनदा थांबावे लागते. धाप लागते, पाय चाळवतात, केस गळतात. फार्मसीत नाडी आणि रक्तदाब असे असे भरले. मी शाकाहारी आहे. आणि माझी पाळी बंद होऊन दोन वर्षे झाली आहेत. शेवटी रक्ताची तपासणी करावी आणि डॉक्टरांनी प्रत्यक्ष पाहावे, अशी स्पष्ट विनंती केली. दुपारी डॉक्टरांचा फोन आला आणि दोन दिवसांनंतरची वेळ मिळाली. पाळीबद्दलचे वाक्य सर्वांत महत्त्वाचे होते, असे त्यांनी नंतर सांगितले. पाळी चालू असलेल्या स्त्रीत रक्त कमी झाले तर कारण बहुधा समोरच असते, पण पाळी बंद झाल्यावर ते कमी होत असेल तर ते शरीरातून कुठून जाते आहे याचा शोध घ्यावाच लागतो. (छातीत दुखत असेल, भोवळ येऊन पडायला होत असेल किंवा बसल्या जागी श्वास लागत असेल, तर अर्ज भरत बसू नये, तेव्हा ९९९ या आपत्कालीन क्रमांकालाच फोन करायचा.)

प्रत्यक्ष भेट जेमतेम दहा मिनिटांची असते, म्हणून मी मुद्दे कागदावर लिहून नेले होते. डॉक्टर बाईंनी खालची पापणी ओढून आतला रंग पाहिला, नखे पाहिली, पोट तपासले आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या. निकाल दुसऱ्याच दिवशी एनएचएसच्या ॲपमध्ये दिसला: हिमोग्लोबिन ८४. इथे ते लिटरमागे मोजतात, त्यामुळे आपल्याकडच्या हिशेबाने ते ८.४ झाले. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, जवळजवळ संपलेला होता. शाकाहारी आहात म्हणून लोह कमी झाले असेल, असे म्हणून त्यांनी विषय संपवला नाही, याबद्दल मी त्यांची मनापासून ऋणी आहे. त्यांनी गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा करणाऱ्या सीलिॲक या आजाराची तपासणी केली, आणि शौचातील अदृश्य रक्त शोधणाऱ्या एफआयटी तपासणीची छोटी नळी दिली, जिच्या टोपणाला खाचांची बारीक काडी असते. दोन्ही तपासण्यांत दोष निघाला नाही, तरीही या वयात कारण शोधायलाच हवे म्हणून त्यांनी एंडोस्कोपीसाठी रुग्णालयाकडे रेफरल पाठवले. त्यात जठरात व्रण आणि हेलिकोबॅक्टर या जिवाणूचा संसर्ग सापडला. आठवडाभराची प्रतिजैविके आणि काही महिने लोहाच्या गोळ्या, एवढ्यावर ते निभावले.

उपचार सुरू झाल्यावर दुसरी अडचण आली, ती म्हणजे तेच डॉक्टर पुन्हा मिळणे. फोनवर प्रत्येक वेळी कोणी नवे भेटते आणि सगळी कहाणी पहिल्यापासून सांगावी लागते. १९६० नंतरच्या काही दशकांत भारतातल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून आलेल्या कितीतरी डॉक्टरांनी इथल्या खाणींच्या आणि कारखान्यांच्या गावांत, जिथे स्थानिक डॉक्टर जायला तयार नव्हते तिथे, जीपी म्हणून आयुष्य घालवले. एकेकट्याने दवाखाना चालवणारे ते डॉक्टर घरातल्या तीन पिढ्यांना नावानिशी ओळखत. आता दवाखाने मोठे झाले आहेत आणि ती ओळख आपोआप राहत नाही, म्हणून ती मागून घ्यावी लागते. मी दुसऱ्या भेटीत उठण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारले की पुढची तपासणी तुम्हीच पाहाल का, आणि त्यांनी संगणकावर तशी नोंद करून चार आठवड्यांनंतरची वेळ स्वतःच निश्चित केली. दाराबाहेर पडल्यावर हीच वेळ मिळवायला मला पुन्हा आठची रांग लावावी लागली असती.

ज्यांचे आईवडील इथे काही महिन्यांसाठी येतात त्यांच्यासाठी एक माहिती. जीपीचा सल्ला इथे कोणालाही विनामूल्य आहे, पर्यटक व्हिसावर आलेल्यालाही, आणि तीन महिन्यांपेक्षा कमी मुक्काम असेल तर तात्पुरता रुग्ण म्हणून नोंदणी मागता येते. पत्त्याचा पुरावा नाही एवढ्याच कारणाने दवाखान्याने नोंदणी नाकारता कामा नये. रुग्णालयातल्या बहुतेक उपचारांचे मात्र पर्यटकांना पैसे पडतात, तेव्हा विमा हवाच. इंग्रजी येत नसलेल्या रुग्णासाठी दुभाष्याची सोय विनामूल्य असते, पण ती वेळ घेतानाच मागावी लागते. घरातल्या मुलीने आईच्या पोटाच्या किंवा पाळीच्या तक्रारी डॉक्टरांना समजावून सांगाव्यात ही वेळ कोणावर येऊ नये, असे मला फार वाटते.

ऑक्टोबर २०२५ पासून इंग्लंडमधल्या सगळ्या जीपी दवाखान्यांनी ऑनलाइन अर्जाची सोय सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसहापर्यंत चालू ठेवणे बंधनकारक झाले आहे. माझ्यासारखीला याचा फायदा आहे. परंतु ज्या मराठी आणि गुजराती ज्येष्ठांना अर्ज भरता येत नाही, त्यांच्यासाठी फोनची रांग तेवढीच राहिली आहे. प्रत्येक दवाखान्याला रुग्णांचा एक सल्लागार गट असावा लागतो. मी आमच्या दवाखान्याच्या गटात सामील झाले आहे. अर्ज भरू न शकणाऱ्यांचा तपशील रिसेप्शनिस्टने फोनवरच त्याच प्रश्नांनुसार लिहून घ्यावा आणि दुभाष्याची सोय असल्याची सूचना दर्शनी भागात मराठी, हिंदी, गुजराती आणि पंजाबीत लावावी, असे दोन प्रस्ताव मी दिले आहेत. दुसरा मान्य झाला आहे, आणि पहिल्यावर पुढच्या बैठकीत चर्चा आहे.