नऊ शो, बारा दिवस: ड्रमरच्या टूरचा हिशेब

बारा दिवसांत नऊ शो. पहिले सहा व्हॅनने, मग एक विमानप्रवास आणि शेवटचे तीन दुसऱ्याच्या किटवर, म्हणजे ड्रमसंचावर. त्या तिनांतला एक मोठ्या महोत्सवात, जिथे चेंजओव्हरला, म्हणजे दोन बँडच्या मधल्या मांडामांडीला, पंधराच मिनिटं. रोज प्रत्यक्ष वाजवायला मिळतो पाऊण ते सव्वा तास. उरलेला दिवस उचलणं, मांडणं, ताटकळणं आणि पुन्हा बांधणं यातच जातो, त्यामुळे या वृत्तांतात वाजवण्याबद्दल फार काही सापडणार नाही. तयारी घरच्या खोलीत करता येते. बांधाबांधीची सवय मात्र रस्त्यावरच लागते, आणि ती लागेपर्यंत बरंच काही तुटतं.

काय नेलं, काय संपलं

किट साधं होतं. २२ इंची किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), १२चा एक रॅक टॉम (समोर टांगलेला ड्रम), १६चा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा), १४ × ६.५ची स्नेअर (खाली तारा असलेला मुख्य ड्रम), १४चे हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी), १८ आणि १९चे दोन क्रॅश, २२ची राइड (हे तिन्ही सिंबल, म्हणजे मोठ्या झांजा). दुसरा रॅक टॉम मुद्दाम घरी ठेवला. एक टॉम वाढला की एक केस, एक माइक, एक क्लॅम्प आणि रोजची दहा मिनिटं वाढतात. प्रेक्षकांना तो नाही हे कळतसुद्धा नाही.

स्टिकच्या १८ जोड्या नेल्या, ११ संपल्या. ५बी मापाच्या हिकरीच्या काड्या बहुतेक वेळा एकाच जागी जातात: हाय-हॅटच्या कडेवर जिथे काडीचा खांदा आपटतो, तिथे तंतू सुटून ती चिरफळते. जोरात वाजवणाऱ्याने शोमागे दीड जोडी धरावी, वर चार जास्त. चिरफळलेली काडी फेकू नका, सरावाच्या पॅडवर चालते.

स्नेअरच्या वरच्या बाजूची तीन हेड (ड्रमवर ताणलेले प्लास्टिकचे पडदे) लागली, म्हणजे साधारण तीन शोंना एक. टॉमची पाचव्या शोनंतर एकदाच बदलली. किकचं हेड बदलावं लागलं नाही, कारण बीटर (पेडलचा ठोका मारणारा दांडा) लागतो तिथे पहिल्या दिवशीच चिकटपट्टीचा पॅच लावला होता. खालची हेड टूरला निघण्यापूर्वी नवी घातली की मधे त्यांच्याकडे पाहावं लागत नाही. अपवाद स्नेअरच्या खालच्या हेडचा. ते अवघं ३ मिल (इंचाचे तीन हजारांश) जाडीचं असतं आणि घाईत स्नेअर कशावर तरी टेकवली की स्टँडचा कोपरा त्यातून आरपार जातो. बदलायचं तर आधी तारा सोडवाव्या लागतात. सरावलेल्या हातालाही दहा मिनिटं लागतात आणि दोन गाण्यांच्या मधे दहा मिनिटं कुणी देत नाही. म्हणून दुसरी स्नेअर न्या. स्वस्तातली चालेल, पण ट्यून करून, तारा लावून, केसच्या बाहेर काढून, हात पोचेल अशी ठेवलेली हवी.

खरं घोडं अडतं ते बारीकसारीक गोष्टींवर. या नऊ शोंमध्ये सिंबल स्टँडच्या दोन स्लीव्ह फाटल्या, चार फेल्ट (सिंबलखालच्या मऊ चकत्या) गेली, एक विंगनट रायझरच्या (ड्रमखालच्या चौथऱ्याच्या) फटीत पडून दिसेनासा झाला आणि स्नेअरच्या तारांची एक पट्टी ऐन शोमध्ये तुटली. स्लीव्ह म्हणजे स्टँडच्या दांड्यावरची प्लास्टिकची नळी. ती फाटली की सिंबलचं भोक थेट धातूच्या आट्यांवर घासतं, भोकाला खाच पडते आणि पुढे तिथूनच चीर सुरू होते. मामुली किमतीची ती नळी हजारोंचा सिंबल वाचवते.

या सगळ्यासाठी एकच लहान चेनची पिशवी ठेवायची आणि ती कायम पेडलच्या बॅगेत. तिच्यात सहा स्लीव्ह, बारा फेल्ट, ६ आणि ८ मिमी अशा दोन्ही आट्यांचे विंगनट, तीन ड्रम-की (रॉड आवळायच्या चाव्या), तारांच्या पट्ट्या किंवा दोरी, १४ इंची तारांचा एक पूर्ण संच, स्नेअरचे चार टेन्शन रॉड (हेड ताणणारे स्क्रू) वॉशरसकट, पेडलची स्प्रिंग, जास्तीचा बीटर, पेडलला लागणाऱ्या षटकोनी चाव्या आणि हाय-हॅटचा क्लच (वरची झांज दांड्याला धरणारा भाग). क्लच दोन हवेत. वरचा हाय-हॅट क्लचला लावूनच बॅगेत टाकायची सवय असेल तर घोळ कमी होतो, नाहीतर तो मागच्या गावात उभ्या असलेल्या स्टँडच्या दांड्यावरच राहतो. तीन ड्रम-की सांगितल्या कारण एक हरवते, एक गिटारवाला नेतो.

टेप गॅफरचीच (स्टेजवर वापरतात ती कापडी) घ्या. साधी चंदेरी टेप उष्णतेने वितळून गोंद सोडते, आणि तो गोंद हेडवरून किंवा स्टेजवरून निघत नाही.

हेड बदलणं आणि सूर

नवं हेड शोच्या तासभर आधी घालू नये. पहिल्या काही तासांत ते सैल पडत जातं. आदल्या रात्री किंवा लोड-इनच्या (सामान आत नेण्याच्या) आधी घाला. जुनं काढल्यावर शेलची कड कोरड्या कापडाने पुसा, नवं बसवा, सगळे रॉड आधी बोटांनीच आवळा. मग कीने समोरासमोरच्या जोड्यांत अर्धा-अर्धा आटा. स्नेअरला दहा रॉड असतील तर अशा दोन फेऱ्यांनंतर मधोमध तळहाताने दाबा. कडकड आवाज आला तर घाबरू नका, कडेचा गोंद मोकळा होतोय. त्यानंतर प्रत्येक रॉडपासून इंचभर आत टिचकी मारत सूर एकसारखा करा.

रिमशॉट (हेड आणि कडेवर एकदम ठोका) मारणाऱ्याच्या पोटाजवळचे दोन रॉड रोज ढिले होतात, कारण रिमवर तडाखा तिथेच बसतो. लॉक लावा, नाहीतर सेट संपल्यावर तेवढे दोन तपासत चला.

उघड्या स्टेजवर आणखी एक भानगड. हेड पॉलिएस्टरची असतात, उन्हात ती सैलावतात आणि सूर उतरतो. दुपारी चारला उन्हात लावलेली स्नेअर रात्री नऊच्या गारव्यात चढलेली सापडते. उन्हात कापड टाकून ठेवा आणि शोच्या पंधरा मिनिटं आधी पुन्हा ऐका. थंड गाडीतून उबदार हॉलमध्ये आलेल्या केस लगेच उघडू नयेत. अर्धा तास बंद राहू द्या, नाहीतर दव धरतं.

गाडी, बस, विमान

व्हॅनमध्ये हार्डवेअर सर्वांत खाली आणि पुढच्या सीटच्या भिंतीला टेकून. अचानक ब्रेक लागला तर जड वस्तूला पुढे धावायला जागा उरता कामा नये. किकवर काही ठेवायचं नाही. सिंबलची केस उभी, दोन मऊ पिशव्यांच्या मधे. नीट बसलेल्या सामानाचा पहिल्याच दिवशी फोटो काढा. रात्री एक वाजता कोणाचं डोकं चालत नाही, फोटो चालतो. हार्डवेअर एकाच बॅगेत कोंबू नका. चार-पाच स्टँड, पेडल, स्टूल एकत्र केले की वजन सहज ३५ किलोंच्या वर जातं. आधी चेन जाते, मग कोणाची तरी कंबर.

झोपायच्या बसमध्ये बंकवर पाय गाडीच्या पुढच्या दिशेला करून झोपायचं. गाडी आपटली तर आधी पाय भिंतीला लागावेत, मान नव्हे. बसच्या संडासात फक्त लघवी. हा नियम मोडणाऱ्याचं नाव टूरभर निघतं.

विमानाला साधारण २३ किलोंची एक बॅग धरून चाला. ३२ किलोंच्या वरचा एकच नग बऱ्याच कंपन्या घेतच नाहीत. २२ इंच म्हणजे जवळजवळ ५६ सेंटीमीटर. बॅगेसकट राइड केबिनच्या नेहमीच्या मापात बसत नाही. आत नेऊ दिली तर नशीब, त्यावर विसंबून राहू नका. कडक केसमध्ये, दर दोन सिंबलच्या मधे कापड घालून सामानात द्या. काड्याही सामानातच, सुरक्षा तपासणीत त्या अडवल्या जाऊ शकतात. उलट पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या केबिनमध्येच न्यायच्या, आणि १०० वॉट-तासांपर्यंतच्याच.

स्वतःचं किट परदेशी न्यायचं असेल तर एटीए कार्ने (सामान तात्पुरतं परदेशी नेण्याचा सीमाशुल्काचा कागद) लागतो का ते महिनाभर आधी विचारा. त्याच्या यादीत प्रत्येक नग, वजन, अनुक्रमांक लिहावा लागतो, आणि यादीतली वस्तू परत आली नाही तर शुल्क मागतात. म्हणून काड्या-हेड यांसारखा संपणारा माल त्या यादीत घालू नये. बुबिंगा लाकडाच्या शेलबद्दल धास्ती असते. तयार वाद्यांना साइट्सच्या (दुर्मिळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) त्या लाकडावरच्या नियमातून २६ नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे.

दुसऱ्याचं किट

आपली स्नेअर, सिंबल, पेडल आणि क्लच. एवढं आपलं असलं तर बाकी किट कुठलंही चालतं. जमलं तर स्टूलही. मागणीपत्रात फक्त 'रॉक किट' लिहू नका. मापं, बूम (आडव्या दांड्याचे) स्टँड किती, स्टूल गोल की सॅडलचा, २ × २ मीटरचा गालिचा, नवी हेड, आणि डावखुरे असाल तर तेही ठळकपणे लिहा. तरी 'तसंच' म्हणून काहीतरी वेगळंच येणार. पोचल्यावर आधी स्टूल तपासा. बसताच खाली सरकणारं स्टूल पाठीच्या मुळावर येतं. मग किकचे स्पर (ती सरकू न देणारे टोकदार पाय), मग टॉमचा क्लॅम्प.

आपला गालिचा सोबत असेल तर निम्मं काम झालं. हाय-हॅट आणि स्टूलचे पाय, किकचे स्पर, पेडलची टाच, सगळ्यांच्या जागा रंगीत टेपने आखून ठेवा. पण विमानात गालिचा सहसा नेता येत नाही, तेव्हा मोजमापं कामी येतात: सीटची उंची, स्नेअरच्या कडेची उंची, राइडचं भोक जमिनीपासून किती सेंटीमीटर, हे फोनमध्ये लिहिलेलं, जोडीला वरून आणि बाजूने काढलेले दोन फोटो.

महोत्सवाच्या पंधरा मिनिटांत किट लावायचंच नसतं. ते आधीच स्टेजमागे, चाकांच्या रायझरवर लावून, माइक बसवून तयार असतं. रायझर ढकलून आणल्यावर ब्रेक लागलेत का ते स्वतः पायाने तपासा. मग लाइन-चेक, म्हणजे एकेका माइकचा आवाज तपासणं. किक, स्नेअर, हॅट, टॉम, या क्रमाने, सांगतील तेवढंच, एकसारखे ठोके. इथे फिल (तालामधली सजावट) वाजवणाऱ्यावर साउंडवाला मनातल्या मनात शिव्या देतो, आणि त्याचं बरोबर असतं. दुसऱ्याची लाइन तपासत असताना हात मांडीवर.

ट्रॅक (आधी ध्वनिमुद्रित साथ) आणि क्लिक (फक्त वाजवणाऱ्यांसाठीचा तालाचा ठोका) एकाच स्टिरिओ तारेतून, डावीकडे ट्रॅक आणि उजवीकडे क्लिक असं नेत असाल तर दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा. उलट लागली की क्लिक हजारो लोकांना ऐकू जातो. लॅपटॉपचा स्लीप आणि सूचना बंद. यंत्र ४८ किलोहर्ट्झवर आणि फाइल ४४.१ची असून तिचं रूपांतर झालं नाही, तर गाणं जवळजवळ ९ टक्के जास्त वेगाने आणि दीड अर्धस्वरांच्या (सेमीटोनच्या) आसपास चढं वाजतं. साउंडचेकलाच एक पूर्ण गाणं ऐका, नुसती सुरुवात नको.

कान आणि पाठ

एनआयओएसएच या अमेरिकी संस्थेच्या शिफारशीप्रमाणे ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. ड्रमवर बसलेल्या माणसाचा हा कोटा साउंडचेकमध्येच संपतो. इन-इअर (कानात बसणारे मॉनिटर) दोन्ही कानांत ठेवा; एक काढला की दुसऱ्याचा आवाज वाढवला जातो आणि दोन्ही बाजूंनी नुकसान होतं. इतर बँड वाजत असताना साधे प्लग लावा.

शोच्या आधी वीस मिनिटं पॅड, आधी सावकाश. पोटभर जेवण दोन तास आधी किंवा नंतर. घाम खूप येत असेल तर नुसतं पाणी पुरत नाही, मीठ-साखरही हवी. फोडांवर सुती टेप, फोड यायच्या आधी.

उतरवताना

शेवटचा ठोका पडला की आधी सिंबल, मग स्नेअर आणि पेडल, कारण चोरीला याच वस्तू जातात. स्टँड स्टेजवर मिटवत बसू नका. उघडेच बाजूला न्या आणि तिथे मिटवा, पुढचा बँड खोळंबलेला असतो. नग मोजा. निघताना अकरा होते तर आत अकराच जायला हवेत. गाडीचं दार लावण्यापूर्वी एकाने टॉर्च घेऊन स्टेजवर पुन्हा फेरी मारायची: रायझरच्या मागे, गालिच्याखाली, मॉनिटरच्या वर (ड्रम-की तिथेच असते). आणि कमरेला लावलेला इन-इअरचा रिसीव्हर भाड्याचा असेल तर तो काढून साउंडवाल्याच्या हातात द्या, नाहीतर सकाळी चारशे किलोमीटरवर जाग आल्यावर तो पाठीला टोचतो.