पाठीतलं पाणी

"मॅडम, पाठीतलं पाणी काढलं की माणूस लुळा पडतो म्हणतात," गोवंडीहून आलेल्या त्या मुलीची आई सहीच करेना. मेंदुज्वराच्या संशयित रुग्णात मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी पाठीत सुई घालून तपासणीसाठी काढावं लागतं, आणि आमची पहिली लढाई या भीतीशीच असते. "मावशी, मज्जारज्जू कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशीच संपतो. आमची सुई त्याच्याही खाली जाते," असं मी तिच्या पाठीवर बोट ठेवून समजावलं, तेव्हा कुठे सही झाली.

मुलगी १९ वर्षांची. दोन आठवडे ताप, डोकेदुखी, उलट्या आणि आता एकाच्या जागी दोन दिसायला लागलेलं. त्यात घराजवळच्या दवाखान्यात सेफ्ट्रायाक्सोन या अँटिबायोटिकची इंजेक्शनं झाली होती. पेच होता तो हाच. अर्धवट उपचार झालेला जिवाणूंचा मेंदुज्वर आणि टीबीचा मेंदुज्वर पाण्याच्या तपासणीत एकमेकांसारखे दिसू शकतात, आणि कल्चरमध्ये (प्रयोगशाळेत जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीत) जिवाणू उगवतीलच याची खात्री उरत नाही.

पाणी जवळजवळ स्वच्छ आलं. सुई टोचण्याआधीच मी रक्तातल्या साखरेचा नमुना घेऊन ठेवला होता. घाईत हे राहून जातं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण पाण्यातली साखर एकटी अर्धंच सांगते. हिची होती ३२, रक्तातली १२८, म्हणजे फक्त पाव. एरवी ती साधारण साठ टक्के असते. पेशी २४०, बहुतेक लिम्फोसाइट (एका प्रकारच्या पांढऱ्या पेशी). प्रोटीन १८०. दोन्ही वाढलेले. लॅक्टेट हे पाण्यातलं आम्ल ५.१. ते ३.५च्या वर गेलं की विषाणूंची शक्यता बरीच मागे पडते, पण टीबीतही ते वाढतं, त्यामुळे पेच सुटला नाही. एडीए, म्हणजे टीबीच्या संशयात मोजतात ते एन्झाइम, १६ आला. दहाच्या वरचा एडीए टीबीकडे बोट दाखवतो, पण जिवाणूंच्या मेंदुज्वरातही तो वाढू शकतो. सगळे आकडे दोन आठवड्यांच्या तापाशेजारी आणि दोन दिसण्याशेजारी ठेवले, तेव्हाच चित्र टीबीचं झालं.

सीबीनॅटसाठी, म्हणजे टीबीच्या जंतूंचा डीएनए शोधणाऱ्या तपासणीसाठी, पाणी मी मुद्दाम जास्त काढलं होतं. पाण्यात टीबीचे जंतू इतके विरळ असतात की दोन-चार थेंबांत सापडणं कठीण, आणि निगेटिव्ह रिपोर्टने टीबी नाही असं ठरत नाही. म्हणून रिपोर्टची वाट न पाहता टीबीची चारही औषधं आणि सूज कमी करणारं स्टेरॉइड डेक्सामेथासोन सुरू केलं. डेक्सामेथासोनने या आजारातले मृत्यू कमी होतात, हे व्हिएतनाममधल्या अभ्यासाने २००४ मध्ये दाखवलंय. जिवाणूंवरचं इंजेक्शनही मी तूर्त थांबवलं नाही.

संध्याकाळी रिपोर्ट आला: टीबी आहे, रिफाम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला प्रतिरोध नाही. औषधांना न जुमानणारा टीबी मुंबईत इतका बघतो की मी ती दुसरी ओळ आधी वाचली.

निक्षय या टीबी रुग्णांच्या सरकारी पोर्टलवर नोंद करताना मी घरातल्या सगळ्यांची चौकशी केली. "ह्यांना महिनाभर खोकला आहे, बिडीचा असेल असं वाटलं," आई म्हणाली. वडिलांच्या थुंकी तपासणीचा आणि छातीच्या एक्स-रेचा कागद मी तिथेच भरला.