रंग तव्यात राहिला

गुलाबी धिंगरीवर, म्हणजे ऑयस्टर मशरूम म्हणतात त्या अळिंबीवर, मी निव्वळ रंगाने भाळलो. करड्या-पांढऱ्या अळिंब्यांच्या शेजारी ती अशी बसली होती, जणू लग्नाला निघालीय. घरी आणली, तेलावर टाकली आणि पाच मिनिटांत सगळा गुलाबीपणा उडाला. उरले बदामी रंगाचे, जरा चिवट तुकडे. चव चांगली होती, पण मी चवीसाठी आणलीच कुठे होती!

तेव्हापासून धिंगरीचा रंग मी मनावर घेत नाही, स्वभाव बघतो. गुलाबी उबेतली, वाढायची घाई आणि नासायचीही घाई. पिवळी इतकी नाजूक की उचलताना कड मोडते, आणि अर्धवट शिजली तर कडवटते. करडीचा रंग तर हवामानावर: थंडीत गडद निळसर, उबेत फिकी. किंग म्हणतात ती सगळ्यांत वेगळी. बाकीच्यांचा देठ आपण चिवट म्हणून कापून टाकतो, हिचा देठच खायचा. जाड चकत्या करून दोन्ही बाजूंनी खरपूस भाजाव्यात. माझं मत विचाराल तर पहिला नंबर हिचाच.

शास्त्रीय नावाचा पहिला शब्द मात्र सगळ्यांचा एकच, प्लुरोटस. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ होतो कुशीचा कान. देठ बहुधा टोपीच्या मधोमध नसतो, एका कडेला असतो, म्हणून. ऑयस्टर म्हणजे शिंपला, तोही त्याच आकारावरून. मला कानच जास्त पटतो. ओंडक्याला फुटलेले कान.

आणि हे कान साधे नव्हेत. लाकडात नत्र फार कमी, म्हणून यांचे पांढरे धागे सूत्रकृमी, म्हणजे दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी, पकडतात. धाग्यांवरच्या बारीक फुग्यांतल्या विषाने कृमी लुळा पडतो, मग धागे त्याच्या अंगात शिरतात. आपण ही भाजी शाकाहारी म्हणून वाढतो, हे तिला न सांगितलेलंच बरं.

मागे मी भुशाची पिशवी आणून करडी लावली होती. पिशवी धाग्यांनी पांढरीशुभ्र झाली, तरी मी ती बंद कपाटातच ठेवली. अळिंबीला अंधार लागतो, एवढंच ऐकून होतो. आले ते जिराफ. वीतभर देठ आणि वर शर्टाच्या गुंडीएवढी टोपी. कोंडलेल्या हवेत कार्बन डायऑक्साइड साठला की धिंगरी मोकळी हवा शोधत मान लांबवते. टोपी धरायला तिला उजेडही हवा असतो. बरं, काढायलाही मी उशीर केला, तर खालच्या फळीवर बीजाणूंची पांढरट पूड पडलेली. पुसताना दहा शिंका आल्या.

यंदा पिशवी खिडकीशी ठेवलीय, उन्हापासून जरा आत. आज सकाळी एका भोकापाशी टाचणीच्या डोक्याएवढे निळसर ठिपके दिसले. पाणी फवारलं. अर्ध्या तासाने उगाचच पुन्हा बघून आलो.