तुवालू: फुनाफुटीचा प्रवास आणि पुढे जाणाऱ्यांसाठी काही सूचना

फिजीमधील सुवा शहराजवळच्या नौसोरी विमानतळावरून निघालेले छोटे एटीआर विमान अडीच तासांच्या आसपास केवळ समुद्रावरून उडते, आणि उतरताना खाली दिसणारी जमीन इतकी अरुंद असते की एका बाजूचा महासागर व दुसऱ्या बाजूचे लगून (प्रवाळबेटांनी वेढलेले शांत खारे पाणी) एकाच नजरेत मावतात. प्रशांत महासागरातील तुवालू या नऊ बेटांच्या देशाची एकूण जमीन सुमारे २६ चौरस किलोमीटर असून कोणतीही जागा समुद्रसपाटीपासून पाच मीटरही उंच नाही. निम्म्याहून अधिक लोक राजधानी फुनाफुटीतच राहतात. येथे नदी नाही. छपरावरचे पावसाचे पाणी टाक्यांत साठवून वापरतात. २०११ मध्ये पावसाने दगा दिला तेव्हा आणीबाणी जाहीर करावी लागली होती. त्यामुळे पाहुण्यानेही अंघोळ बादलीभर पाण्यातच उरकावी, हे बरे.

धावपट्टी १९४३ मध्ये अमेरिकी सैन्याने बांधली. भरावासाठी खणलेले खड्डे तसेच राहिले आणि न्यूझीलंडच्या मदतीने ते २०१५ मध्ये बुजवले गेले. संध्याकाळी याच धावपट्टीवर मुले फुटबॉल व व्हॉलीबॉल खेळतात, मोटरसायकली फिरतात, आणि विमान येण्याआधी भोंगा वाजला की सारे मुकाट्याने बाजूला होतात.

सरकारी कार्यालयाची इमारत विमानतळापासून पायी जाण्याच्या अंतरावर आहे. १९७४ च्या सार्वमतानंतर गिल्बर्ट बेटांपासून (आजचा किरिबाती देश) वेगळा झालेला हा देश १९७८ मध्ये स्वतंत्र झाला. राजे तिसरे चार्ल्स हे राष्ट्रप्रमुख आहेत. संसदेत १६ सदस्य असून राजकीय पक्ष नाहीत, त्यामुळे निवडणुकीनंतर पंतप्रधान कोण होणार हे सदस्यांच्या आपापसांतील बोलणीवर ठरते. २०२४ पासून फेलेती तेओ हे पंतप्रधान आहेत. प्रत्येक बेटाचा कारभार ‘काउपुले’ ही स्थानिक परिषद पाहते.

या देशाचे उत्पन्न जमिनीतून जवळजवळ येतच नाही. ट्यूना पकडणाऱ्या परदेशी जहाजांकडून मिळणारे परवाना शुल्क, संकेतस्थळांच्या पत्त्याशेवटी येणाऱ्या ‘.टीव्ही’ (.tv) या नावाचे भाडे, १९८७ मध्ये स्थापन झालेला तुवालू ट्रस्ट फंड हा गुंतवणूक निधी, खलाशांनी घरी पाठवलेले पैसे आणि परदेशी मदत यांवर सारा गाडा चालतो. अळूच्या कुळातला पुलाका हा कंद खोल खड्ड्यांत लावतात, परंतु त्या खड्ड्यांत आता खारे पाणी शिरू लागले आहे. दुकानांतील बहुतेक माल जहाजाने येतो. जहाज लांबले की कांदाबटाट्यांचीही वाट पाहावी लागते. शाकाहारी प्रवाशांनी तैवानच्या मदतीने चालणाऱ्या बागेतील भाजी कोणत्या दिवशी विकली जाते, हे पोहोचताच विचारून घ्यावे आणि डाळ-तांदूळ फिजीतूनच न्यावेत; मात्र खाद्यपदार्थ नेण्याचे नियम आधी तपासावेत.

लगूनच्या काठावर समुद्र हटवून तयार केलेली सुमारे सात हेक्टर उंच जमीन अवश्य पाहावी. एकीकडे अशी नवी जमीन घडवली जात असताना, दुसरीकडे ऑस्ट्रेलियाबरोबरच्या फालेपिली करारानुसार दरवर्षी २८० तुवालूवासीयांना तेथे कायमचे राहता येते. वाढत्या समुद्रपातळीवरचे हे दोन्ही उपाय एकाच वेळी चालू ठेवणे मला शहाणपणाचे वाटते.

भारतीय पारपत्रधारकांना फिजीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. तुवालूचे नियम मात्र तिकीट काढण्यापूर्वी पडताळावेत. विमाने आठवड्यातून मोजकीच असतात व रद्दही होतात, म्हणून परतीच्या वाटेवर फिजीत किमान दोन दिवस मोकळे ठेवावेत. चलन ऑस्ट्रेलियन डॉलर आहे. पहिली एटीएम यंत्रे २०२५ मध्ये आली असली, तरी पुरेशी रोकड सोबत असावी. खोल्या थोड्या आहेत, त्या आधीच राखून ठेवाव्यात. रविवार प्रार्थनेचा दिवस असल्याने त्या दिवशी बेत आखू नये. फेब्रुवारी-मार्चच्या मोठ्या भरतीत पाणी केवळ किनारा ओलांडून नव्हे, तर जमिनीतूनही वर झिरपते. तेव्हा सामान फरशीवर ठेवू नये. लगूनपलीकडच्या संरक्षित क्षेत्रात जायचे असल्यास बोट व परवानगी यांची चौकशी काउपुलेच्या कार्यालयात करावी.